घाम तासाचा, खुर्ची दिवसाची

अगं पोरी, परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, ॲप घेतलंय, आता दर आठवड्याला एक किलो!" तू इतकी खुशीत होतीस की मी मध्ये बोलले नाही. पण ते ॲप सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारतं: तुझी हालचाल किती, आणि आठवड्याला किती उतरवायचंय. तिथे चुकीच्या जागी बोट पडलं की पुढचे सगळे आकडे चुकतात. माझं पडलं होतं. दोन वर्षं रोज सकाळी तलावपाळीला पाऊण तास चालून वजन जागचं हललं नाही. थायरॉइडसुद्धा तपासून घेतला, तो ठीक निघाला. चूक त्या पहिल्या पानावर होती. तुझी दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सावकाश लिहून पाठवतेय. चहा करून घे आणि वाच.

१. 'हालचाल किती' याचं उत्तर देताना व्यायामाचा तास विसर आणि उरलेले तेवीस तास आठव — घाम तासाचा असतो, खुर्ची दिवसाची.

२. आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर बसतेस ना, मग सकाळी चाललीस तरी 'बैठं काम' हाच पर्याय तुझा. वाईट वाटून घेऊ नकोस — चपलेचा नंबर सांगताना आपण लाजतो का, तसंच हे एक माप आहे.

३. दोन पर्यायांमध्ये अडलीस तर खालचा धर — खालचा चुकला तर भूक येऊन सांगते, वरचा चुकला तर कोणीच सांगत नाही.

४. घरकाम धरायचं असेल तर ते खरोखर कोण करतं ते बघ. केर-लादी-भांड्यांना तुझ्याकडे ताई येतात — ती हालचाल त्यांची, राणी, तुझी नव्हे.

५. सुट्टीच्या दिवसावरून उत्तर देऊ नकोस, मंगळवार-बुधवारसारख्या साध्या दिवसावरून दे — ट्रेकचा रविवार महिन्यातून एकदा येतो, मंगळवार चार वेळा.

६. वर्गात दिवसभर उभी राहणारी शिक्षिका, वॉर्डात फेऱ्या मारणारी नर्स यांनी वरचा पर्याय घेतला तर बरोबर आहे. शेतात खुरपणारीने तर त्याच्याही वरचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ५५ किलोच्या स्त्रीची रोजची गरज बैठ्या कामाला १६६०, मध्यम कामाला २१३० आणि कष्टाच्या कामाला २७२० कॅलरी अशी दिली — वजन तेच, पण काम बदललं की हजारावर फरक.

आता हे नुसतं सांगून तुला पटायचं नाही, तू आकड्यांची पोर. वही काढ. तुझं वजन ७० किलो, उंची १५८ सेंटिमीटर, वय ३४. बहुतेक ॲपं जे सूत्र वापरतात ते मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावाचं, १९९० सालचं. वजनाला १० ने गुण, उंचीला ६.२५ ने गुण, दोन्हींची बेरीज कर. त्यातून वयाची पाचपट काढ आणि बायकांसाठी आणखी १६१ काढ. (पुरुषांना १६१ वजा करायचे नाहीत, उलट ५ मिळवायचे.) तुझे येतात १३५७. म्हणजे दिवसभर नुसती अंथरुणात पडून राहिलीस तरी श्वास, हृदय, मेंदू चालायला एवढं लागतं.

याला हालचालीच्या आकड्याने गुणतात. बैठ्या कामाला १.२, हलक्या हालचालीला १.३७५, मध्यमला १.५५. बैठं धरलंस तर १६२८, हलकं धरलंस तर १८६५, मध्यम धरलंस तर २१०३. आता पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेव. फरक ४७५. वजन कमी करायला लोक रोज पाचशे कॅलरी कमी खायचं ठरवतात, ते जवळजवळ सगळे या एका बोटाने परत ताटात येतात. मी 'मध्यम' निवडलं होतं, आणि वर रोजचं चालणं व्यायाम म्हणून वेगळंही लिहीत होते. एकाच चालण्याचं खाणं दोनदा घेत होते. हे कळलं त्या दिवशी मी वही मिटून किती तरी वेळ खिडकीत बसून राहिले.

७. म्हणून पहिल्याच दिवशी एक ठरव: चालणं हालचालीच्या पर्यायात धरायचं की व्यायामाच्या यादीत लिहायचं. दोन्हीकडे नको — एक पोळी दोन ताटांत वाढता येत नाही.

८. घड्याळ ॲपला जोडलं असेल तर ते पावलांच्या कॅलरी आपणहून मिळवतंय का ते सेटिंगमध्ये जाऊन बघ — न विचारता वाढणाऱ्यापासून जपावं, मग ती सासू असो की घड्याळ.

९. घड्याळ सांगेल तेवढं सगळं खाऊन टाकू नकोस, फार तर निम्मं धर. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात घड्याळं तपासली — नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरीत त्यातलं सगळ्यात बरं घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

१०. तुझ्या वजनाला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला साधारण पन्नास कॅलरी लागतात, हे पाठ करून ठेव — दोन किलोमीटर म्हणजे एक पोळी, तीही तूप न लावलेली.

११. दहा हजार पावलांचा धाक बाळगू नकोस. १९६५ साली जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आकडा जगभर पसरला — तू आज चार हजार चालतेस तर पुढच्या आठवड्यात साडेपाच हजार हेच तुझं ध्येय.

आता दुसरा प्रश्न, आठवड्याला किती. इथे तू सगळ्यात वरचं बटण दाबलंयस, मला माहीत आहे.

१२. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. आठवड्याला एक किलो म्हणजे रोज ११०० कमी — तुझ्या १६२८ मधून ११०० गेले तर उरलेल्यात नाश्ता तरी भागतो का, तूच सांग.

१३. अर्धा किलोही तुला जड जाईल, पाव किलो धर. रोज २७५ कमी, म्हणजे ध्येय १३५० च्या आसपास — हळू उतरलेलं वजन घरचं होतं, घाईने उतरलेलं पाहुण्यासारखं परत येतं.

१४. ॲपने अचूक १२०० असा गोल आकडा दाखवला तर खूश होऊ नकोस. बऱ्याच ॲपांत बायकांसाठी तो खालचा कठडा असतो, तू मागितलेला वेग त्या कठड्याला जाऊन आपटलाय एवढाच त्याचा अर्थ — आकडा बदलू नकोस, वेग बदल.

१५. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय १२०० च्या खाली कधीही जायचं नाही — आधी अंगातली ताकद जाते, मग केस, मग चित्त.

१६. बसून उपाशी राहण्यापेक्षा चालून पोटभर खावं. हालचाल खरोखरच 'हलकी' झाली, नुसती ॲपमध्ये नव्हे, तर तुझी गरज १८६५ होते. त्यातून चारशे काढून १४६५ खायला मिळतात — वजन अधिक वेगाने उतरतं आणि ताटात एक पोळी जास्त.

१७. पहिलं ध्येय साडेतीन किलोचं ठेव, म्हणजे वजनाचे पाच टक्के. पाव किलोच्या चालीने चौदा आठवडे लागतील, साधारण आषाढी ते कोजागिरी — एवढ्या अवधीत सवय मुरते, लोणच्यासारखी.

१८. शेवटचं ध्येय फोटो बघून नको, फूटपट्टी बघून ठरव. आपल्याकडचे डॉक्टर बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, तुझ्या उंचीला ते साधारण ५७ किलोवर येतं. आणि कमरेचा घेर बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत असावा — टेप वीस रुपयांची, पण पोटावरची चरबी काट्यापेक्षा तीच नीट ओळखते.

पुढे येतं लिहिणं. आपल्या स्वयंपाकात खरी गंमत इथे आहे, कारण ॲपला 'एक वाटी' कळते आणि आपल्या घरात सहा प्रकारच्या वाट्या असतात.

१९. तुझी रोजची वाटी काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण आणि काठोकाठ पाणी भर. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर — माझी आमटीची वाटी १५० ची समजत होते, निघाली २१०. वाटी बदलली की हिशोब बदलला.

२०. तांदूळ कच्चा मोजलास तर कच्चाच लिही, भात मोजलास तर भात. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशे कॅलरी, तोच शिजून अडीच-तीन पट फुगतो आणि शंभर ग्रॅम भातात साधारण १३० राहतात — इथे गल्लत झाली की एक तर उपाशी राहशील, नाही तर दुप्पट खाशील.

२१. पोळीचा एक गोळा काट्यावर टाकून बघ. पन्नास ग्रॅमच्या गोळ्यात साधारण तीस ग्रॅम पीठ, म्हणजे शंभरेक कॅलरी. तेल-तूप वेगळं — तुझ्या हातच्या पोळ्या आजीसारख्या मोठ्या होतात, म्हणून म्हटलं.

२२. चहा लिहायला विसरू नकोस. दोन चमचे साखर नि थोडं दूध म्हणजे कपाला ऐंशीच्या घरात, आणि तुझे चार कप — चिमूट लिहिली तर मूठ सापडते.

२३. दुधाच्या पिशवीवरची फॅट बघ: टोन्डमध्ये तीन टक्के, फुल क्रीममध्ये सहा. एका पेल्यामागे पन्नास-साठ कॅलरींचा फरक पडतो — पिशव्यांचे रंग वेगळे, पण फ्रिजमधल्या पातेल्यात ओतलं की दोन्ही सारखीच पांढरी.

२४. दाण्याचं कूट डोळ्यांनी घालू नकोस, चमच्याने घाल. पोह्याच्या एका भरल्या चमच्यात पन्नासेक कॅलरी असतात — कोशिंबीर काकडीची म्हणून लिहितो आणि खातो दाण्याची.

तेलाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा दुसरा फसवा आकडा तिथे सापडला. फोडणीचं तेल रोज चमच्याने मोजायचं आणि लिहायचं, हे चार दिवस जमतं. पाचव्या दिवशी हात सुटतो आणि माणूस सगळंच लिहायचं सोडून देतं. त्यापेक्षा पिशवी फोडलीस की तिच्यावर मार्करने तारीख लिही. संपली की दुसरी तारीख. एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे एका पिशवीत ८१९०. आमच्या घरी आम्ही चौघं आणि महिन्याला चार पिशव्या, म्हणजे माणशी रोज २७३ कॅलरी नुसत्या तेलाच्या! तुला रोज कमी करायचेत ते २७५. मी तीन महिने अशा तारखा लिहिल्या, फोडणीला छोटा चमचा घेतला, वांग्याचे काप तव्यावर कमी तेलात केले, आणि चारच्या तीन पिशव्या झाल्या. घरात कोणाच्या चवीला ते कळलंही नाही.

२५. भाजी-आमटीचा हिशोब भांड्यासकट कर: घातलेल्या सगळ्या जिनसांची बेरीज एकदाच, मग शिजलेलं भांडं तोलून रिकाम्या भांड्याचं वजन वजा, आणि आपल्या वाट्याचे ग्रॅम. रिकाम्या भांड्यांची वजनं चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दाराला लाव: मोठी कढई ६८०, कुकरचं भांडं ३१० — गरम भाजी काढून कढई कोण तोलत बसणार!

२६. पाकिटावर बघताना 'शंभर ग्रॅमला' की 'एका वाढणीला' हे आधी वाच — कंपनीची वाढणी दोन बिस्किटांची, आणि पुडा उघडल्यावर दोनवर कोण थांबलंय.

२७. मेलबर्नच्या बहिणीने तिथल्या पाकिटाचा फोटो पाठवला आणि आकडा अवाढव्य दिसला तर घाबरू नकोस, तो किलोज्यूलमध्ये असतो — ४.१८४ ने भागलं की आपली कॅलरी.

२८. एकादशीला जास्त काळजीने लिही. शंभर ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप यांची खिचडी सहाशेपर्यंत जाते — तुझ्या दिवसाची जवळपास निम्मी शिदोरी.

२९. बाहेर खाल्लंस तर अंदाजाने लिही आणि थोडं चढवून लिही, पण लिही. वडापाव तीनशेच्या आसपास — खाल्लेलं लपवलं तरी पोटाच्या वहीत नोंद होतेच.

३०. ७० किलोला रोज साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं हवीत. डाळ, उसळ, दही, अंडं, मासळी, जे आवडेल त्यातून भर. कॅलरी तेवढ्याच ठेवूनही भूक निम्मी वाटेल — नुसत्या पोह्यांवर अकरा वाजता पोट ओरडतं, सोबत वाटीभर मटकी असली तर एकपर्यंत गप्प बसतं.

३१. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि फरशीवर बघ. सतरंजीवर काटा ठेवू नकोस — मऊ जमिनीवर काट्याचं मन डळमळतं.

३२. एका दिवसाच्या आकड्यावर हसू नकोस नि रडू नकोस, आठवड्याची सरासरी लिही. आदल्या रात्रीचे पापड-लोणचं, पाळी जवळ आलेली, यांनी किलोभर पाणी सहज चढतं — काटा रोज बोलतो, पण खरं आठवड्याने सांगतो.

३३. चार आठवडे ध्येयाला हात लावू नकोस, पाळीचं एक चक्र पूर्ण होऊ दे. मग पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची सरासरी शेजारी ठेव — सूत्र हा सगळ्यांच्या मापाचा सदरा, तुझ्या चार आठवड्यांची वही म्हणजे तुझ्या अंगावर घेतलेलं माप.

३४. अपेक्षेपेक्षा कमी उतरलं तर ध्येयातून शंभरच काढ, किंवा दोन किलोमीटर जास्त चाल — एकदम तीनशे काढले तर चूक तेलात होती की पर्यायात, हे कधीच कळत नाही.

३५. दर पाच किलोला सगळं गणित पुन्हा कर. पाच किलो उतरले की बैठ्या कामाची तुझी गरज साठेक कॅलरींनी घटते — शरीर लहान झालं, मग त्याचा शिधाही थोडा लहान.

३६. गणपतीत, लग्नघरात ॲप बंद करू नकोस, त्या आठवड्यापुरतं ध्येय १६२८ कर. वजन उतरणार नाही, पण चढणारही नाही — आणि उकडीचा मोदक तुपाशिवाय खाऊ नकोस, तेवढ्यासाठी ही वही नाही.

३७. गरोदर असताना, बाळाला पाजत असताना किंवा अठराच्या आत वय असताना हे गणित करायचंच नाही. तुझ्या बाबांना हे दाखवणार असशील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार — मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केलं की साखर एकदम खाली जाते.

३८. पाळी चुकली, केस मुठीने गळायला लागले, चक्कर आली किंवा जेवताना घासाआधी आकडा दिसायला लागला, तर त्याच दिवशी लिहिणं थांबव, मला फोन कर आणि डॉक्टरांकडे जा. ही एक गोष्ट मी हसत सांगत नाहीये — माझ्या जवळच्या एका मुलीने ती ऐकली नाही, आणि तिला सावरायला वर्ष लागलं.

आज एवढंच कर: ॲप उघड, तुझंही बोट 'मध्यम'वर पडलं असेल तर ते 'बैठं'वर ने आणि एक किलोचा पाव किलो कर. बाकीचं हळूहळू. रविवारी जेवायला येते आहेस ना? येताना तुझी रोजची वाटी पिशवीत टाकून आण, माझ्या काट्यावर पाणी भरून मोजू.